ठाण्यात बसून ज्वालामुखीवर लक्ष कसं ठेवायचं

२३ नोव्हेंबर २०२५ ला इथिओपियातला हैली गुब्बी हा ज्वालामुखी फुटला आणि दुसऱ्या दिवशी रात्री त्याचा ढग गुजरात-राजस्थानवरून दिल्लीकडे सरकत होता. आखाती देशांकडे जाणारी काही विमानं रद्द झाली. आपल्याकडे मात्र खिडक्या बंद ठेवायच्या का, आता मुंबईतही काही जागं होणार का, असे प्रश्न फिरू लागले. प्रत्यक्षात तो ढग जमिनीपासून कित्येक किलोमीटर वर होता. तो किती उंचीवर आहे आणि कुठे चाललाय हे सांगणारे नकाशे त्याच वेळी कुणालाही मोफत उघडता येत होते. ते वाचायचे कसे, एवढंच ठाऊक नव्हतं.

ते वाचायला शिकता येतं. त्यासाठी फोन किंवा लॅपटॉप, एक जाड वही आणि दीड-दोन महिने रोज पंधरा मिनिटं एवढं पुरतं. मी शाळेत भूगोल शिकवते आणि आठवी-नववीची मुलं हे सगळं करताना पाहिलं आहे, त्यामुळे खालच्या पायऱ्या तुम्हालाही जमतील याची खात्री आहे. सुरुवातीपासून एक गोष्ट मात्र मनात पक्की ठेवा: ज्वालामुखीच्या बाबतीत एकट्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. तो आकडा काल किती होता, आणि त्याच वेळी बाकीची उपकरणं काय सांगत होती, हे कळल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही.

पायरी १: पायाखालचा दगड ओळखा

पारसिकचा डोंगर, खारघरच्या टेकड्या, येऊर हा सगळा परिसर लाव्ह्याचाच आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून लाव्हा थरावर थर वाहत गेला आणि त्याचा बेसाल्ट, म्हणजे आपला काळा कातळ, झाला. आज दख्खनचा हा लाव्हा सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. डिसेंबर-जानेवारीत बेलापूरच्या बाजूने पारसिकच्या पायथ्याशी जा आणि एखादा फुटलेला दगड हातात घ्या. त्यात बारीक बारीक पोकळ्या दिसतील, काहींमध्ये पांढरं खनिज भरलेलं असेल. या पोकळ्या म्हणजे लाव्हा थंड होताना आत अडकलेले वायूचे बुडबुडे. पुढे वायूच्या पायरीवर येऊ तेव्हा हा दगड आठवा. शिलारसात, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकात, वायू विरघळलेला असतो आणि वर येताना तो सुटतो. स्फोट होणार की लाव्हा शांतपणे वाहणार, हे बऱ्याच अंशी त्यावरच ठरतं. रस्त्याच्या कापलेल्या कड्यांखाली आणि पावसाळ्यात खारघरच्या पांडवकडा धबधब्याकडे मात्र जाऊ नका. दगड तिथून खाली येतात.

इथे पुन्हा ज्वालामुखी जागा होईल का, हे प्रत्येक जण विचारतो. दख्खनचा उद्रेक कोट्यवधी वर्षांपूर्वी संपला आहे आणि त्याला वर पुरवठा करणारा शिलारस आता इथे खाली नाही. वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम कुंडं याला अपवाद ठरत नाहीत. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, खोलीबरोबर वाढणाऱ्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं.

या विषयाच्या जवळची एक मोठी संस्था नवी मुंबईतच आहे. नवीन पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर संशोधन करते. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमारास शाळेतर्फे फोन करून भेटीची चौकशी करायला हरकत नाही.

पायरी २: एक ज्वालामुखी निवडा

दहा ठिकाणी डोकावू नका. शिकण्यासाठी हवाईचा किलाउएया सर्वांत चांगला. तिथली वेधशाळा थॉमस जॅगर यांनी १९१२ मध्ये सुरू केली आणि आज तिचे कॅमेरे, भूकंपाचे आलेख, जमिनीच्या कलाचे (ती किती तिरकी झाली त्याचे) आलेख सगळे उघडे आहेत. जोडीला आपल्याच देशातलं बॅरन बेट घ्या. पोर्ट ब्लेअरपासून ईशान्येला सुमारे १३५ किलोमीटरवर, निर्मनुष्य, जेमतेम तीन किलोमीटर रुंद. त्याच्या उद्रेकाची पहिली नोंद १७८७ ची आहे. मधे दीर्घ काळ शांत राहून १९९१ मध्ये ते पुन्हा सुरू झालं आणि तेव्हापासून अधूनमधून धुमसतं आहे. एकावर उपकरणांची रेलचेल, दुसऱ्यावर बहुतांश भिस्त उपग्रहांवर, अशी ही जोडी आहे. जगातले बरेच ज्वालामुखी बॅरनसारखेच आहेत. हैली गुब्बीच्या भागातही जमिनीवरची उपकरणं फारच कमी.

पायरी ३: वेळेचा हिशेब

वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा: जागतिक प्रमाणवेळेत साडेपाच तास मिळवले की आपली वेळ. हवाईची वेळ आपल्यापेक्षा साडेपंधरा तास मागे. हे आधी केलं नाही तर आलेखातला भूकंप आणि कॅमेऱ्यातला धूर यांची सांगड कधीच बसत नाही, आणि मुलं हमखास इथेच अडकतात.

पायरी ४: हादरे ऐकायला शिका

फोनवर 'फायफॉक्स' हे मोफत अ‍ॅप घ्या. त्यात फोनमधल्या प्रवेगमापकाचा आलेख दिसतो. फोन फरशीवर सपाट ठेवा आणि शेजारी जड पुस्तक पाडा. रेघ एकदम उसळते आणि झटकन शांत होते. मग कळवा किंवा मुंब्र्याला रुळांजवळ राहणाऱ्या कुणाच्या घरी तळमजल्यावर हाच प्रयोग करा. गाडी येताना रेघ हळूहळू जाड होते, काही वेळ तशीच थरथरत राहते आणि मग बारीक होत जाते. सुरुवात नक्की कुठे झाली हे बोट ठेवून सांगता येत नाही.

ज्वालामुखीचे भूकंपमापक ज्या तऱ्हेचे संकेत पकडतात, त्यातला मुख्य फरक हाच. खडक तुटतो तेव्हाचा भूकंप तीक्ष्ण असतो: ठळक सुरुवात, जलद कंपनं, लवकर शेवट. याचा अर्थ आत कुठेतरी दाब वाढतोय आणि खडक जागा करून देतोय. दुसरा प्रकार संथ कंपनांचा. साधारण सेकंदाला अर्धा ते पाच आवर्तनं, सुरुवात अस्पष्ट. हे बहुधा भेगांमध्ये वायू किंवा शिलारस हलल्याने होतात. तिसरा म्हणजे सतत चालणारा थरथराट, मिनिटं, तास, कधी दिवस. किलाउएयात लाव्ह्याचं कारंजं सुरू झालं की हा थरथराट आलेखावर जाड पट्ट्यासारखा दिसतो.

भूकंप इतके वाढले की एकेक मोजणंच अशक्य होतं, तेव्हा शास्त्रज्ञ दर काही मिनिटांची सरासरी कंपनशक्ती काढतात. तुम्ही वहीत तेच करा. प्रत्येक भूकंपाच्या मागे लागू नका. रोज एका ठरावीक वेळी आलेख बघून 'शांत, मध्यम, दाट' यांपैकी एक शब्द आणि भूकंपांची साधारण खोली लिहा. खोली आठवडाभरात आठ किलोमीटरवरून तीनवर आली, तर ती नोंद शंभर भूकंपांच्या यादीपेक्षा मोलाची.

आपल्या शेजारचं उदाहरण इथेच घेते. नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरी भागात लहान भूकंपांची मालिका सुरू झाली. लोक थंडीत घराबाहेर झोपले, आणि 'खाली ज्वालामुखी आहे' ही अफवाही फिरली. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तिथे भूकंपमापक बसवले. भूकंपांची नुसती मालिका म्हणजे ज्वालामुखी नव्हे. त्यासाठी संथ कंपनं लागतात, जमीन फुगावी लागते, वायू सुटावा लागतो. तिथे यातलं काहीच नाही. त्या घरांना धोका होता तो भिंती पडण्याचा, आणि तो खराच होता.

पायरी ५: जमीन किती फुगली

ही पायरी मला सर्वांत प्रिय आहे, कारण इथे डोंगर श्वास घेताना दिसतो.

गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी घ्या, दहा मीटर लांब. तिच्यात पाणी भरा, गच्चीच्या दोन टोकांना पट्ट्या लावून पाण्याची पातळी टिपा. एका टोकाखाली पुठ्ठा सरकवा आणि पुन्हा वाचा. हवाईत एके काळी याच तत्त्वावरची पाण्याच्या नळीची कलमापक यंत्रं वापरली जात. आता गणित करा. कल मोजायचं एकक आहे मायक्रोरेडियन, म्हणजे एक किलोमीटर लांब काठीचं एक टोक फक्त एक मिलिमीटर उचललं तर येणारा कल. तुमच्या दहा मीटरच्या नळीत एका मायक्रोरेडियनला फरक पडेल एक शतांश मिलिमीटर. तो डोळ्याला दिसणार नाही. आजची यंत्रं त्याहूनही कमी कल टिपतात. नळीचा प्रयोग केलेल्या मुलांना हे यश किती मोठं आहे ते सांगावं लागत नाही.

आता किलाउएयाचा उएकाहुना केंद्राचा कलाचा आलेख उघडा. २३ डिसेंबर २०२४ ला सुरू झालेल्या उद्रेकात लाव्ह्याची कारंजी थांबून थांबून, सत्रांसारखी उसळत राहिली. दोन सत्रांमधल्या दिवसांत रेघ हळूहळू वर चढते, कारण शिलारस खाली साठतोय आणि जमीन फुगतेय. कारंजं उसळलं की रेघ काही तासांत घसरते. संपूर्ण आलेख करवतीच्या दातांसारखा दिसतो. मागच्या काही महिन्यांचा आलेख घ्या, कागदाने उजवा भाग झाका आणि रेघ कुठे घसरेल याचा अंदाज वहीत लिहून मग कागद सरकवा. काही वेळा अंदाज जवळ जाईल, काही वेळा दिवसांनी चुकेल. वेधशाळासुद्धा तारीख न देता कालावधी का देते, ते या एका सरावातून समजतं.

जिथे कलमापक नाहीत तिथे रडारचे उपग्रह कामाला येतात. उपग्रह एकाच जागेची दोन वेगवेगळ्या दिवशी रडार-छायाचित्रं घेतो. जमीन उपग्रहाच्या दिशेने किंवा उलट किती सरकली ते दोन्हींतल्या लहरींच्या फरकावरून निघतं. चित्रात इंद्रधनुषी वर्तुळं दिसतात. सेंटिनेल-१ या युरोपीय उपग्रहाच्या चित्रात एक पूर्ण रंगचक्र म्हणजे २.८ सेंटिमीटर. पाच वर्तुळं मोजलीत, तर मधला भाग कडेपेक्षा सुमारे १४ सेंटिमीटर सरकलाय. मोजताना नेहमी बाहेरून आत या आणि रंगांचा क्रम लिहून ठेवा. क्रम उलटा झाला तर फुगणं आणि खचणं यांची अदलाबदल होते.

दाट जंगलात सेंटिनेल-१ ची लहर पानांतच अडकते आणि चित्र दाणेदार, निरुपयोगी होतं. म्हणून ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेल्या निसारचं महत्त्व. इस्रो आणि नासाच्या या उपग्रहावर दोन रडार आहेत, पैकी एकाची लहर सुमारे २४ सेंटिमीटर लांब असल्याने ती झाडोऱ्यातून जमिनीपर्यंत पोचते. दर १२ दिवसांनी तो त्याच मार्गावर परत येतो. इंडोनेशियाच्या जंगलांतल्या ज्वालामुखींसाठी हे फार मोलाचं आहे, आणि त्यातलं दुसरं रडार आपल्या अहमदाबादच्या केंद्राने बनवलंय याचा मला अभिमान वाटतो.

जमिनीच्या हालचालीवर भरवसा ठेवून माणसं वाचली, याचं अलीकडचं उदाहरण आइसलँडचं ग्रिंडाविक. १० नोव्हेंबर २०२३ ला शिलारसाची उभी भिंत गावाखाली घुसत असल्याचं भूकंप आणि जीपीएसवरून दिसलं. सुमारे ३,८०० लोकांचं गाव त्याच रात्री रिकामं केलं. उद्रेक झाला १८ डिसेंबरला.

पायरी ६: वायू

सेंटिनेल-५पी हा उपग्रह २०१७ पासून रोज जगभरातला सल्फर डायऑक्साइड मोजतो. 'कोपर्निकस ब्राउझर' उघडा, हा उपग्रह आणि सल्फर डायऑक्साइडचा थर निवडा, तारीख २४ नोव्हेंबर २०२५ द्या. हैली गुब्बीचा पट्टा ओळखता येईल. मग आजची तारीख देऊन भारतावर या. सिंगरौली, कोरबा अशा कोळशावर वीज बनवणाऱ्या भागांतही डाग दिसू शकतात. म्हणजे डाग दिसला की लगेच ज्वालामुखी म्हणायचं नाही, वाऱ्याची दिशा धरून त्याचं उगमस्थान शोधायचं. ढगाळ दिवसाची नोंद 'अनिश्चित' अशीच करा.

पायरी ७: उष्णता

नासाच्या 'फर्म्स' नकाशावर तापलेल्या जागांचे ठिपके दिसतात. तो मुळात वणव्यांसाठी आहे, म्हणून बॅरन बेट उत्तम. तिथे शेत नाही, कारखाना नाही, वस्ती नाही. बेटावर ठिपका आला तर संशय ज्वालामुखीवरच घ्यायचा. एक चौकट साधारण ३७५ मीटरची असते, त्यामुळे ठिपका विवरावरच आहे असं गृहीत धरू नका.

पायरी ८: सगळं एकत्र वाचा

खरं कौशल्य इथे आहे, आणि ते शिकण्यासाठी फिलिपाइन्सच्या पिनाटुबोइतकं चांगलं उदाहरण नाही. सुमारे ५०० वर्षं शांत असलेल्या या डोंगरावर २ एप्रिल १९९१ ला वाफेचे स्फोट झाले. तिथली ज्वालामुखी संस्था आणि अमेरिकेचं पथक यांनी घाईघाईने भूकंपमापक बसवले. मे महिन्याच्या मध्याला दिवसाला सुमारे ५०० टन असलेला सल्फर डायऑक्साइड अखेरीस ५,००० टनांवर गेला. जूनच्या सुरुवातीला तो अचानक घसरला.

इथे थांबा आणि वहीत उत्तर लिहा: धोका कमी झाला की वाढला?

नुसता वायूचा आकडा बघणारा म्हणेल, कमी झाला. पण त्याच दिवसांत भूकंप वाढत होते आणि उथळ होत होते. म्हणजे शिलारस वर येतोय, पण वायूची वाट बुजली आहे. शास्त्रज्ञांनी इशाऱ्याची पातळी चढवत नेली आणि ९ जूनला सर्वांत वरची, पाचवी पातळी दिली. १० जूनला जवळच्या अमेरिकन हवाई तळावरून सुमारे १४,५०० माणसं हलली. १५ जूनला विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक झाला. त्याच दिवशी वादळ आलं, भिजलेल्या राखेच्या वजनाने छपरं कोसळली आणि शेकडो माणसं गेली. तरी वेळेवरच्या स्थलांतराने किमान ५,००० जीव वाचले, असा अमेरिकन भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा अंदाज आहे. लोकांना पटवण्यासाठी एक चित्रफीत कामी आली होती. डोंगरावरून घरंगळणाऱ्या तप्त राखेच्या लोटाचं ते चित्रण मॉरिस आणि कातिया क्राफ्ट या दांपत्याचं होतं. ३ जूनला, पिनाटुबो फुटायच्या आधीच, ते जपानच्या उन्झेनवर अशाच लोटात सापडून गेले.

याच्या शेजारी कोलंबियाचा नेवादो देल रुइझ ठेवा. ऑक्टोबर १९८५ मध्ये धोक्याचा नकाशा तयार होता आणि आर्मेरो गाव चिखलाच्या लोटाच्या वाटेत असल्याचं त्यात दिसत होतं. १३ नोव्हेंबरच्या रात्री उद्रेकाने शिखरावरचा बर्फ वितळला. तो लोट गावात पोचायला सुमारे अडीच तास लागले. तरी गाव रिकामं झालं नाही आणि एकूण सुमारे २३,००० माणसं गेली. मोजमाप झालं होतं, ते लोकांपर्यंत पोचलं नाही. म्हणूनच शाळेतल्या मुलांनी हे वाचायला शिकावं, असा माझा आग्रह असतो.

तुमच्या वहीत आता चार रकाने हवेत: हादरे, कल, वायू, उष्णता. आठवड्यातून एकदा चारही एकत्र वाचून दोन ओळींचं मत लिहा, आणि त्यानंतरच वेधशाळेचं निवेदन उघडा. उलट क्रमाने केलं तर शिकणं होत नाही.

पायरी ९: इशाऱ्याची पातळी

ठाणे-नवी मुंबईतून बालीला जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे, त्यांनी ही पायरी नक्की वाचावी. इंडोनेशियात चार पातळ्या असतात: नॉर्मल, वास्पादा, सियागा, आवास. 'मॅग्मा इंडोनेशिया' या सरकारी सेवेवर प्रत्येक ज्वालामुखीची पातळी आणि विवरापासून किती किलोमीटर दूर राहायचं ते दिलेलं असतं. पातळीपेक्षा हे अंतर जास्त कामाचं. सहलीचा गाइड काहीही म्हणो, बंदी असलेल्या वर्तुळात पाऊल टाकू नका.

सर्वांत खालची पातळी म्हणजे निर्धोक, असंही नाही. २७ सप्टेंबर २०१४ ला जपानच्या ओंताकेवर पातळी सर्वांत खालची होती. शनिवारची दुपार, शिखरावर गिर्यारोहकांची गर्दी, आणि शिलारस वर न येता नुसत्या वाफेचा स्फोट झाला. ६३ माणसं गेली. वाफेच्या स्फोटाआधी मिळणारे संकेत फार थोडे असतात. विवराच्या काठावर रेंगाळू नका.

पायरी १०: राखेची सूचना वाचा

२४ जून १९८२ ला इंडोनेशियाच्या गालुंगगुंगच्या राखेत ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची चारही इंजिनं बंद पडली. राख म्हणजे काचेचा आणि खडकाचा भुगा. इंजिनात तो वितळतो आणि पुढे थंड भागावर चिकटून हवेची वाट अडवतो. त्या वैमानिकांनी बरंच खाली आल्यावर इंजिनं पुन्हा सुरू केली. आज जगात नऊ केंद्रं अशा राखेवर नजर ठेवतात. हैली गुब्बीच्या सूचना फ्रान्समधल्या टूलूझ केंद्राने दिल्या.

ही सूचना इंग्रजी संक्षेपांत असते आणि पहिल्यांदा गोंधळवते. तारखेपुढचा चार अंकी आकडा म्हणजे जागतिक वेळ: ०६०० म्हणजे आपले सकाळचे साडेअकरा. 'एफएल' पुढच्या आकड्याला शंभरने गुणा, की फुटांतली उंची येते. एफएल ४५० म्हणजे ४५,००० फूट. 'ओबीएस' ही ओळ प्रत्यक्ष दिसलेल्या ढगाची. 'एफसीएसटी' च्या तीन ओळी पुढच्या ६, १२ आणि १८ तासांच्या अंदाजाच्या. त्यातले अक्षांश-रेखांश कागदी नकाशावर टिपून पेन्सिलने जोडा आणि ठाणे (१९.२ उत्तर, ७३ पूर्व) त्या आकृतीत येतं का बघा. मग खालची उंची वाचा. ढग जमिनीपासून सुरू होत असेल तर तिथे 'एसएफसी' लिहिलेलं असतं. ते नसेल आणि ढगाचा तळच वीस-पंचवीस हजार फुटांवर असेल, तर खिडक्या बंद करायची गरज नाही, पण मुंबई किंवा नवी मुंबई विमानतळावरून सुटणारं विमान आहे की नाही ते विमान कंपनीकडे जरूर विचारा.

शेवटच्या ओळीत पुढची सूचना कधी येणार ती वेळ असते. ती वेळ होईपर्यंत आलेला कुठलाही नवा फॉरवर्ड या सूचनेशी ताडून बघा, आणि तिथे 'नो फर्दर अ‍ॅडव्हायझरीज' असं दिसलं की त्या ढगाची नोंद बंद करून वहीत रेघ मारा.